पुसलेला धोटा

आमच्या गिरणीत कापड तोंडानं विणलं जायचं असं सांगितलं, की माझी नातवंडं हसतात. हसू देत. होतं ते सांगतो. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, धोटा इकडून तिकडं धावतो आणि त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते बोटानं निघत नाही. भोकाला ओठ लावायचे आणि सुर्रकन ओढून घ्यायचं. सूत जिभेवर आलं की थुंकीसकट चिमटीत धरायचं आणि पुन्हा साचा सुरू करायचा. दिवसभर हेच. संध्याकाळी तोंडात कापसाचा लगदा झालेला असायचा आणि भाकरीलासुद्धा तेलाची चव यायची.

सन तीस उजाडायच्या आधीची दोन-तीन वर्षं म्हणतोय मी. सोलापुरात तेव्हा भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. माझं वय बावीस. गाव माढ्याकडचं, घरची जिराईत जमीन, चार बैलं, आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, गावात शब्द चालायचा. माझं आबांशी पटत नव्हतं म्हणून मी गिरणीत आलो. पटत नव्हतं म्हणजे काय, तर मला उन्हात राबायचा कंटाळा होता. ते उगाच मोठं करून सांगण्यात अर्थ नाही.

तर धोटा. धोटा काही आपल्या एकट्याचा नसतो. आपण आजारी पडलो, गावी गेलो, की आपल्या साच्यावर बदली माणूस उभा राहतो आणि त्याच धोट्याला तोंड लावतो. आमच्या ओळीत तेलुगू बोलणारे विणकर होते, अक्कलकोटाकडचे कानडी होते, शेजारच्या साच्यावर एक मुसलमान चाचा होते, आणि आम्ही मराठे. सगळ्यांनी सगळ्यांचे धोटे चोखलेले. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण महारवाड्यातल्या माणसाला साच्यावर घेत नसत. असा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, पाटी लावलेली नव्हती. मुकादम घेत नसे आणि आम्ही विचारत नसू. त्यांची माणसं सूत काढायच्या खात्यात. सूत त्यांच्या हातचं, कांडी त्यांच्या हातची, टोपल्या भरून साच्यांपर्यंत आणून द्यायचे तेही तेच. तिथपर्यंत चालत होतं.

टोपल्या आणणाऱ्यांत एक दिवस मला आमच्या गावचा माणूस दिसला. माझ्याच वयाचा. लहानपणी त्यानं आणि मी एकाच ओढ्याला गुरं राखली होती. तो पाण्याच्या खालच्या अंगाला आणि मी वरच्या, एवढाच फरक. त्याच्या बापाकडं गावकी होती. निरोप घेऊन पळायचं, लाकडं फोडायची, आणि मेलेलं जनावर ओढून न्यायचं. आमच्या घरचं मेलेलं जनावर त्यांच्याच घरानं ओढायचं हे आजोबा-पणजोबापासून ठरलेलं. गावात तो मला धाकलं मालक म्हणायचा. गिरणीत त्यानं टोपली खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कवा आलास?"

मला ते झोंबलं. पण आजूबाजूला साच्यांचा खडखडाट, त्यात कुणाला काय ऐकू जाणार? मी म्हणालो, झाली दोन वर्षं. मग मी हसलो आणि तोही हसला. त्या दिवसापासून आमचं अरं-तुरं सुरू झालं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तळ्याच्या काठावर बसायचो. मी राहायचो आमच्याकडच्या पाच-सहा विणकरांच्या खोलीत. खोलीचे थोरले म्हणजे माझ्या आईच्या गावचे, मी त्यांना मामा म्हणायचो, आणि त्यांनीच मला गिरणीत चिकटवलं होतं. तो राहायचा त्याच्या माणसांच्या वस्तीत. तळ्यावर कुणी कुणाचं नसतं, म्हणून तळं. जाताना मी भाजलेल्या शेंगा घ्यायचो आणि दोघं मिळून फोडून खायचो. मला वाटायचं, काय हा मी, केवढा पुढं गेलेला माणूस.

एकदा शेंगा फोडता फोडता तो म्हणाला, "तू माज्यासंगं शेंगाच खातोस."

मग काय खाऊ, मी विचारलं.

"टरफलाचं खातोस. आतल्या दान्याला माजं बोट लागत न्हाय की."

मला राग आला. राग अशासाठी आला, की ते खरं होतं. मी ते कधी मनाशी म्हटलं नव्हतं, पण शेंगाच घ्यायच्या हे माझ्या आत कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. फुटाणे नाहीत, भजी नाहीत, शेंगा. मी त्याला चांगलं सुनावलं, की तुझ्याबरोबर बसतो हे कमी आहे का, खोलीतल्या लोकांना कळलं तर मला हाकलतील. मग त्यानं विचारलं, तुला साच्यावर का घेतलं सांग बरं. मी म्हणालो, कष्टानं शिकलो. तो म्हणाला, शिकलास नंतर. पहिल्या दिवशी तुला काय येत होतं?

पहिल्या दिवशी मला काहीएक येत नव्हतं. मी धोटा उलटा धरला होता. मामांनी मुकादमाला सांगितलं, आपला पोरगा आहे, आणि मी उभा राहिलो. तो सात वर्षं, आधी दुसऱ्या गिरणीत आणि मग आमच्या, कांड्या वाहत होता, त्याला साच्याचा खिळा न् खिळा ठाऊक होता. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मी पंधरा दिवस तळ्याकडं फिरकलो नाही. माझा स्वभावच तसा, चूक दाखवली की मी आधी फुगतो.

पंधरा दिवसांनी गेलो तर तो बसलेलाच होता. त्यानं कुठं होतास म्हणून विचारलं नाही. मी न विचारता सांगून टाकलं, तुला साचा शिकवतो. आता ह्यात माझा चांगुलपणा किती आणि त्याची बोलणी खाऊन झालेली चडफड किती, हे देव जाणे. बढाई मारायचीही हौस होतीच. माझा साचा ओळीत शेवटचा, भिंतीला लागून, मध्ये लोखंडी खांब. तो टोपली घेऊन आला की दहा-पाच मिनिटं साच्यावर उभा राहायचा आणि मी खांबाला टेकून आराम करायचो. लोकांना दिसत नव्हतं असं नाही. पण हातानं काम करण्याला हरकत नव्हती. हरकत तोंडाची.

मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सगळं कर पण धोट्याला ओठ लावायचे नाहीत. त्यानं मोडक्या छत्रीची काडी घासून एक बारीक आकडा केला. तो भोकातून आत घालायचा आणि सूत अडकवून बाहेर ओढायचं. आधी वेळ लागायचा. महिन्याभरात तो आकड्यानं इतक्या झपाट्यानं सूत काढायला लागला, की मला तोंडानं लागायचा त्याहून कमी वेळात साचा सुरू व्हायचा. चाचांनी एकदा बघितलं आणि लांबूनच हातानं वाहवा केली. साच्यांच्या आवाजात आम्ही सगळे असंच बोलायचो. भुवई उडवली की काय झालं, मान हलवली की हो, हात झटकला की जाऊ दे. दोन वर्षांत मला तोंडाच्या बोलण्यापेक्षा मानेचं बोलणं जास्त सवयीचं झालं होतं.

मग एकदा ताणा तुटला. एकाच वेळी पाच-सहा धागे गेले, मी ते गाठवायला वाकलो आणि तेवढ्यात कांडी संपली. त्याला आकडा सापडेना. त्यानं घाईत धोटा तोंडाला लावला, सूत ओढलं, साचा चालू केला. पुढची कांडी मी बदलली आणि सवयीनं मीही तोंडानंच ओढली. सूत जिभेवर आल्यावर माझ्या लक्षात आलं. मी त्याच्याकडं बघितलं, तो माझ्याकडं बघत होता. मी हात झटकला. जाऊ दे.

काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही. सूत रोजच्यासारखंच लागलं, तेलकट आणि फिकं. त्यानंतर दोन-अडीच महिने आम्ही दोघंही तोंडानंच ओढायचो, एकामागून एक, खांबाच्या आड. कुणाला कळलं नाही. मी मात्र मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. खोलीत जेवायला बसलो की मामांकडं बघायचो आणि वाटायचं, तुम्हाला काय ठाऊक मी काय आहे ते. फुकटची मर्दुमकी, दुसरं काय.

त्याच सुमाराला आबांचं कार्ड आलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्याचा बाप वारला होता. दिवस होऊन गेले होते, ह्याला कुणी कळवलंच नव्हतं. कार्डात पुढं होतं, की म्हातारा गेला, गावकीची पाळी आता पोराची, त्याला लगेच धाडून दे, इथं माणूस नाही म्हणून खोळंबा होतो. धाडून दे. जणू माझ्याकडं घोंगडं राहिलं होतं आणि ते मी मोटेत बांधून परत करायचं होतं. मी कार्ड वाचलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते नंतर वाटलं. तेव्हा एवढंच वाटलं, की बापाची बातमी ह्याला आता मीच सांगायची का?

सांगितली. तळ्याच्या काठावर त्यानं ऐकून घेतलं. मग सरळ कामाचं बोलायला लागला. त्याची आई गावात एकटी होती. तो गेला नाही तर गावकीचं धान्य बंद होणार आणि तिला कुणी उभं करणार नाही. तिला इथं आणावं तर ह्याची नोकरी बदलीची, आज काम आहे उद्या नाही, आणि सूतखात्यातली बदली माणसं त्या महिन्यात कमी करायला लागले होते. साच्यांच्या खात्यात मात्र नवे साचे बसवले होते आणि माणसं हवी होती. साच्यावर उभं राहायला मिळालं तर खोली घेता येईल, आई येईल आणि गावकी सुटेल. नाही मिळालं तर परत. परत म्हणजे दोर खांद्यावर टाकून आमच्याच गोठ्याच्या दारात.

"मी ढोर वडायला जन्मलो न्हाय," तो म्हणाला. "तू मुकादमाला इचार."

विचारलं. मी नाही म्हणणारा नव्हतो, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. मुकादम तेलुगू विणकरांतला, व्यवहारी माणूस. त्याला कापड निघाल्याशी मतलब. तो म्हणाला, आकड्यानं करतो ते मी बघितलंय, माझं काही म्हणणं नाही, साच्यावरच्या लोकांनी बोंब मारली नाही म्हणजे झालं. उद्या तुझ्या साच्यावर सगळ्यांसमोर उभा करू त्याला. मामांनाही बोलावतो. मामांनी हूं म्हटलं की ओळ गप्प बसते.

रात्री खोलीत मामांना मी सांगितलं. मामा वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, आकड्यानं करतोय ना, मग बघू. बाकीचे अंथरुणं पसरत होते. मला वाटलं, झालं की काम.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर पट्टे फिरायला लागले आणि तो माझ्या साच्यावर उभा राहिला. धुतलेला सदरा घातला होता. मुकादम, मामा, चाचा, आणखी चार-पाच जण भोवती. मी बाजूला. त्यानं एक कांडी लावली, आकड्यानं सूत काढलं, साचा सोडला. दुसरी, तिसरी. मध्ये एक धागा तुटला तो गाठवला. गाठ अशी, की कापडावर शोधून सापडू नये. मुकादम खाली वाकून कापडावरून बोट फिरवत होता. मामांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण नकारही नव्हता. पाचव्या कांडीला मुकादमानं हात वर केला, पुरे. आणि माझ्याकडं बघून त्यानं बोटानं साचा दाखवला. घे तुझा साचा, काम चालू दे.

तो बाजूला झाला. मी जागेवर उभा राहिलो. कांडी संपतच आलेली होती, चार फेऱ्यांत संपली. मी साचा थांबवला, धोटा हातात घेतला, नवी कांडी बसवली. आता तोंडाला लावायचा आणि ओढायचं. रोज दिवसभर करत होतो ते. त्याच्या ओठांच्या मागून अडीच महिने केलं होतं ते. आज तर त्यानं ओठ लावलेलेही नव्हते. आत्ता जर मी रोजच्यासारखं सूत ओढलं असतं तर कुणाला काही बोलायची गरजच नव्हती. सगळे तेवढंच बघायला थांबले होते.

मी धोटा ओठांपर्यंत नेला. आणि खाली घेतला. धोतराचा सोगा उचलून मी तो पुसला. भोकाच्या जागी दोनदा पुसला.

पुसताना मी त्याच्याकडं बघितलं. का बघितलं कोण जाणे. तोही माझ्याकडं बघत होता आणि त्यानं मान हलवली. अगदी थोडी. आमच्या बोलीत त्याचा अर्थ एकच होतो, हो. मला बरं वाटलं. मी सूत ओढलं आणि साचा सोडला.

कुणी बोंब मारली नाही. मामा वळून आपल्या साच्याकडं गेले. चाचांनी जिभेनं चक् केलं असावं, ओठांवरून दिसलं, आवाज आला नाही. मुकादमानं मला नाही, त्याला सांगितलं. हात असा हवेत फिरवून. पुढं बघू. त्यानं आकडा माझ्या साच्याच्या कठड्याला अडकवला, टोपली उचलली आणि गेला. त्यानंतर त्या आठवड्यात आणखी दोघं साच्यावर आले, दोघंही नवशिके, त्यांतला एक धोटा उलटा धरत होता.

त्या संध्याकाळी मला काय वाटलं असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? काही वाटलं नाही. साचा चांगला चालला, धागाही फारसा तुटला नाही. खोलीवर वांग्याचं भरीत होतं, ते मी दोनदा घेतलं. मामांनी माझ्या ताटात आणखी भाकरी घातली. आपल्या अंगात काहीतरी हललं पाहिजे असं मला कळत होतं. पाय झोपून गेला की आपण त्याला दाबून बघतो तसं मी मनाला दाबून बघत होतो. तिथं काहीच लागत नव्हतं. पडल्या पडल्या झोप लागली.

सुट्टीच्या दिवशी तळ्यावर तो आला. बसला नाही. मी शेंगा घेतलेल्या नव्हत्या, भजी घेतली होती, कागदात बांधून. ती माझ्या मांडीवरच राहिली. तो म्हणाला, आबास्नी कार्ड टाक, येतोय म्हनावं. मी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि तिथंच लिहिलं. दोन ओळी. त्यानं तो कागदाचा तुकडा हातात न घेता वरूनच बघितला, त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तो बरं म्हणाला आणि वस्तीकडं निघून गेला. भजी मी एकट्यानं खाल्ली.

पुढचे सहा महिने मी त्या मानेवर काढले. कधी मनात काही यायला लागलं की मी स्वतःला सांगायचो, त्यानंच तर मान हलवली. त्याची हरकत नव्हती. आणि दुसरं म्हणजे ते हातानं केलं, मी नाही. आणि मुकादमानं मला विचारलंच कुठं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तीन-तीन निमित्तं होती माझ्याकडं आणि तिन्ही मजबूत. आकडा कठड्याला तसाच होता. मी तो वापरला नाही आणि काढून टाकलाही नाही.

उन्हाळ्यात माझ्या लग्नाची बोलणी करायला मला गावी बोलावलं. गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा म्हातारा बैल गोठ्यात मेला. पोरपणी मी त्याच्या पाठीवर बसलो होतो. आबांनी निरोप धाडला आणि अर्ध्या तासात तो आला. खांद्यावर दोर. कमरेपासून वर उघडा, गिरणीतला सदरा कुठं गेला होता देव जाणे. मला बघून तो लांबच थांबला. वेशीकडून बांबू घेऊन दुसरा माणूस यायचा होता, तोवर त्यानं बैलाचे पाय बांधायला घेतले. आबा पुढच्या अंगणात होते. गोठ्याच्या मागं आम्ही दोघंच.

मी विचारलं, आई कशी आहे. हाय, तो म्हणाला. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून गिरणीतलं सांगू लागलो, मुकादम कसा आहे, चाचा गावी गेले. तो गाठ आवळत होता. तीच गाठ मारायची पद्धत, बोटाखालून घेऊन, साच्यावर मारायचा तशी.

"त्या दिवशी तू धोटा पुसलास," तो म्हणाला. आवाज खाली होता, पण मला 'तू' म्हणाला.

मी लगेच सुरू केलं, की ते हातानं झालं, मी काही ठरवून केलं नाही. मला हे सगळं पाठ होतं. त्यानं मध्येच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. तू पुसलास त्याचं मला नवल न्हाय. तू माज्याकडं बगितलंस. आन मी मान हलवली." त्यानं दोर सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तितं मला कोन मारनार हुतं? सोलापुरात हुतो की मी. मग मी मान का हलवली? लई इचार केला. रोज करतोय. तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. त्या क्षणाला, बैलाच्या वाकड्या झालेल्या मानेकडं बघताना कळलं. मी त्याच्याकडं गिरणीतल्या दोस्तासारखं बघितलंच नव्हतं. मी बघितलं होतं ते ह्या घरातल्या पोरासारखं, चालेल ना रे, असं. आणि आमच्या घरातून तसं बघितलं की त्यांच्या घरातली मान आपोआप हलायची. आज्यापासून हलत आली होती. जे मी सहा महिने त्याची संमती म्हणून जवळ बाळगलं होतं, ते मीच त्याच्याकडून काढून घेतलं होतं. हे त्याला सांगायला हवं होतं. तो सहा महिने ते स्वतःच्या माथ्यावर घेऊन फिरत होता. एक वाक्य पुरलं असतं. तुझी चूक नाही, माझी होती.

मी म्हणालो, "न्हाय ठावं."

मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. तेवढ्यात आबा गोठ्याच्या कोपऱ्यावरून आले, किती वेळ रे, म्हणत. त्याची पाठ वाकली. हात जोडून त्यानं आबांना जोहार घातला. मग दोराचं टोक उचललं आणि जमिनीकडं बघत मला म्हणाला,

"बाजूला व्हा, धाकलं मालक. दोर लागंल."

मी बाजूला झालो.